‘पावडरचं पाणी पिऊ नका’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव भागातल्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘ग्रामपंचायतीचं पावडर टाकलेलं पाणी पिऊ नका, त्याने मूतखडा आणि कॅन्सर होतो. बोअरचं पाणी जमिनीतूनच गाळून येतं, त्याला काही लागत नाही. फार तर तुरटी फिरवा, नाहीतर फिल्टरचं पाणी आणा. वास आला की डोस जास्त झाला समजा. गावात साथ नसताना पावडर कशाला? आपले आजोबा हेच पाणी पिऊन नव्वद वर्षं जगले.’

निरोप पाठवणाऱ्यांच्या मनात काळजी असते, यात शंका नाही. पण हा सल्ला मानून गावाने पावडर बंद पाडली तर जुलाब, विषमज्वर आणि कावीळ घरात येते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पावडरीने मूतखडा होतो’

ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात ती, स्वच्छ पाण्यात १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते. म्हणजे एका लिटरला २.५ मिलिग्रॅम. ही सगळीच्या सगळी चुना आहे असं धरलं, तरी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने जडपणाला, म्हणजे पाण्यातल्या चुन्यासारख्या क्षारांना, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे. कित्येक बोअरच्या पाण्यात हा आकडा मुळातच शेकड्यांत असतो. त्यापुढे अडीच मिलिग्रॅमची भर कुठेच मोजली जात नाही.

हा समज निघाला कुठून, ते मात्र ओळखता येतं. टाकीत पांढरा राडा ओतलेला लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. तो राडा टाकीत जायलाच नको. ५०,००० लिटरच्या टाकीचं उदाहरण घ्या. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर असेल तर १२५ ग्रॅम पुरते. पोतं उघडं राहून ताकद २५ टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच कामाला १६५ ग्रॅम लागते. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. आधी थोडं पाणी घालून गुठळ्या मोडत खीर करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं आणि ५ ते १० मिनिटं स्थिर ठेवायचं. तळाला चुना बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून तेवढीच टाकीत सोडायची. साका टाकून द्यायचा.

चूक बहुधा यानंतर होते. निवळी ओतल्यावर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नसतं. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पावडर टाकली तर टाकीजवळच्या चार घरांना नाक मुरडायला लावणारं पाणी जातं आणि शेवटच्या गल्लीला नुसतं पाणी. तक्रार पहिल्या घरांतून येते, आजार शेवटच्या गल्लीत होतो. आणि पंपघराच्या ओल्या फरशीवर तोंड उघडं ठेवलेलं पोतं म्हणजे काही आठवड्यांत निम्मी मेलेली पावडर. ती कोरड्या, सावलीच्या जागी, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात हवी. संडास धुण्याच्या ॲसिडाशी तिचा संबंध येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

‘कॅन्सर होतो’

या दाव्याला थोडा आधार आहे, तो लपवण्याचं कारण नाही. पाण्यात कुजलेला पालापाचोळा, गाळ असेल तर क्लोरीनचा त्याच्याशी संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. म्हणूनच भारतीय मानकाने क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. पण जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की निर्जंतुकीकरण न करण्याच्या धोक्यापुढे हा धोका अत्यल्प आहे. यावर उपाय म्हणजे नदीचं गढूळ पाणी आधी निवळून, गाळून घेणं. गाळ गेला की पावडरही कमी लागते.

‘बोअरचं पाणी आपोआप शुद्ध’

खोल जमिनीतलं पाणी बहुधा स्वच्छ असतं, हे खरं. पण ते वर येताना आणि आल्यावर काय होतं? केसिंग पाइप तडकलेला, भोवतीचा कट्टा फुटलेला, शेजारी जनावरं बांधलेली, आणि संडासाचा शोषखड्डा आठ-दहा पावलांवर. खड्डा आणि बोअर किंवा विहीर यांत किमान १५ मीटर अंतर हवं. दाट वस्तीत गेल्या काही वर्षांत घरोघरी संडास झाले ही चांगलीच गोष्ट झाली, पण हे अंतर मोजून फार थोड्यांनी खड्डे घेतले.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेकाठच्या गावांत बोअर आणि विहिरी पाण्याखाली गेल्या. अशा विहिरीला नेहमीचं प्रमाण चालत नाही, तिथे किती पावडर लागेल ते ठरवणारी हॉरॉक चाचणीच करावी लागते. तिच्या संचातल्या काळ्या कपात एक चमचा, म्हणजे २ ग्रॅम पावडर घेऊन खुणेपर्यंत पाणी घालून ढवळायचं. सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी भरायचं. काळ्या कपातलं द्रावण पहिल्यात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६ थेंबांपर्यंत टाकून ढवळायचं. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब टाकायचे; क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी निळं होतं. पहिला स्पष्ट निळा झालेला कप कितवा, ते पाहायचं आणि त्या आकड्याला २ ने गुणायचं. येईल तितके ग्रॅम पावडर ४५५ लिटरला लागते.

समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर. म्हणजे सुमारे २८,००० लिटर. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे विहिरीला साधारण ३७० ग्रॅम. नेहमीच्या प्रमाणाने गेलो असतो तर ७० ग्रॅमच टाकली असती, आणि पुराच्या गाळाने ती लगेच खाऊन टाकली असती. या चाचणीत जी पावडर टाकायची तीच वापरतात, त्यामुळे ती जुनी असली तरी हिशेब चुकत नाही.

‘तुरटी किंवा फिल्टर पुरे’

तुरटीने गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्याला आधी तुरटी आणि मग क्लोरीन हा क्रम बरोबर, तुरटीवर थांबणं चूक.

नाणं टाकून मिळणारं आरओचं पाणी यंत्रातून निघताना चांगलं असेल. पण त्यात क्लोरीन शिल्लक नसतं. कॅन आतून घासलेला नसला, त्यात हात किंवा तांब्या बुडला, की त्या पाण्याला राखण उरत नाही. शिवाय भाजी धुणं, भांडी, दात घासणं हे नळाच्याच पाण्याने चालतं.

‘वास आला म्हणजे डोस जास्त’

कधीकधी नेमकं उलट असतं. पाण्यात सांडपाणी मिसळलं की क्लोरीन त्यातल्या अमोनियाशी जोडलं जातं आणि हा जोडलेला क्लोरीन जास्त उग्र वास मारतो, जंतू मात्र कमी मारतो. म्हणून नाकावर विसंबायचं नाही, ओटी चाचणी करायची. नळाचं पाणी चाचणीच्या नळीत घेऊन ऑर्थोटोलिडीन टाकलं की पिवळा रंग येतो. मोकळ्या, म्हणजे कशाशी न जोडलेल्या, क्लोरीनचा आकडा पहिल्या दहा सेकंदांतला रंग सांगतो. उशिरा चढलेला पिवळेपणा जोडलेल्या क्लोरीनचा असतो. ते द्रावण विषारी आहे, हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी ओतून टाका.

मानकाप्रमाणे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं, विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. आणि हे मोजायचं शेवटच्या नळाला. गावात पाणी दिवसाआड येतं. मधल्या वेळात पाइप रिकामा असतो आणि गटारीतून गेलेल्या पाइपाच्या सांध्यातून घाण आत ओढली जाते. टाकीतलं पाणी कितीही शुद्ध असलं तरी ही घाण वाटेत भेटते, आणि तिथे पाण्यासोबत राखणदार म्हणून फक्त शिल्लक क्लोरीन असतं. या चाचणीची नोंदवही कन्नडमध्ये असली तरी आकडे कोणालाही वाचता येतात. गावाला पाणी सोडणारा वॉटरमन किंवा पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांच्याकडे ती मागा आणि शेवटच्या नळाचा आकडा लिहिलाय का बघा.

‘आजोबा नव्वद वर्षं जगले’

त्यांच्या पाठची जी भावंडं पटकीने, हगवणीने लहानपणीच गेली, ती सांगायला आज नाहीत.

‘साथ नसताना कशाला?’

निरोपातलं सगळ्यांत घातक वाक्य हेच. दूषित पाणी पोटात गेल्यावर पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात. ‘ई’ प्रकारच्या काविळीला दोन ते आठ आठवडे. म्हणजे काविळीचा पहिला रुग्ण दिसतो तेव्हा बिघाड महिन्यापूर्वीचा असू शकतो आणि तेच पाणी अर्ध्या गावाने पिऊन झालेलं असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ जीवघेणी ठरते. २०१२ साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती याच प्रकारची.

क्लोरीनलाही मर्यादा आहे. पाइपात थेट सांडपाणी शिरत असेल तर नेहमीच्या डोसाने विषाणू मरतीलच असं नाही. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेत उलटलेलं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरलं आणि २९,००० हून अधिक लोकांना कावीळ झाली. अशा वेळी गळती शोधून पाइप दुरुस्त होईपर्यंत खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळलेलं पाणीच प्यावं. गावात काविळीचा पहिला रुग्ण दिसला की त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि मागच्या दोन महिन्यांत पाइप कुठे कुठे फुटला होता, ती यादी वॉटरमनकडून घेऊन सोबत द्या.