शेवटचं कडवं कापू नका

सकाळपासून एकच रील तीन जणांनी पाठवलं. पब खच्चून भरलेला, हातात ग्लास, टेबलं बडवत सगळे 'द वाइल्ड रोव्हर' हे आयर्लंडमधलं लोकप्रिय गाणं गातायत. ध्रुवपद, चार टाळ्या, पुन्हा ध्रुवपद, संपलं. वर मथळा: 'दारूचं राष्ट्रगीत'.

अहो, ते दारू सोडण्याचं गाणं आहे!

नुसती कडवी ऐका. एक माणूस वर्षानुवर्षं व्हिस्की आणि बिअरवर पैसा उधळून बसलाय. जुन्या गुत्त्यात जातो, खिसा रिकामा आहे म्हणतो, उधारी मागतो. मालकीण सांगते, तुझ्यासारखी गिऱ्हाइकं रोज मिळतात. मग तो खिशातून १० सोन्याची नाणी काढतो आणि बाईचे डोळे चमकतात. उत्तमातली व्हिस्की आहे, वाइन आहे, मघाशी मी गंमत केली हो! आणि ध्रुवपदात तो काय म्हणतो? पुन्हा कधीच नाही. नेमक्या त्या 'नाही'वर रीलमधली मंडळी ग्लास आपटतात. शेवटच्या कडव्यात तो घरी जाऊन आईबापांची माफी मागायचं ठरवतो. ते कडवं रीलमध्ये नाहीच.

बिघडतं कुठे तेही सांगते. गाणं तीन मात्रांचं, झुलतं. टेबल बडवायला लागलं की लय चढते, लय चढली की कडव्यांतले शब्द गिळले जातात आणि हाती उरतं फक्त ध्रुवपद. म्हणून पहिल्यांदा ऐकताना वाद्यं नसलेली, एकट्या गळ्याची आवृत्ती शोधा. ध्रुवपद आलं की त्याच्याकडे दुर्लक्ष करा. पैसा कोणाच्या खिशातून कोणाकडे चाललाय, तेवढं बघा.

'व्हिस्की इन द जार' हे दुसरं आयरिश गाणं तर आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. पण जुन्या कडव्यांत दरोडेखोर कॅप्टनला लुटतो, पैसे प्रेयसीकडे नेतो, आणि तीच त्याच्या पिस्तुलांत पाणी भरून त्याला पकडून देते. थिन लिझी आणि मेटॅलिका या रॉक बँडांच्या अनुक्रमे १९७२च्या आणि १९९८च्या आवृत्तीत ते पाणीच गायब! तिथे पिस्तूल उडतं आणि कॅप्टनला गोळ्या लागतात. ज्यांनी तेवढंच ऐकलंय, त्यांच्या हातून गाण्यातला सगळ्यात क्रूर तपशील निसटलाय.

ठीक आहे, काही गाणी निव्वळ पिण्याचीच आहेत, आणि शंभर गळे एकत्र आले की अंगावर काटा येतो, हेही खरं. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम या आयरिश गायकांनी अशा गाण्यांची अख्खी तबकडी काढली नसती, तर यातली कितीतरी आपल्यापर्यंत पोचलीच नसती. मान्य.

पण 'दारूचं राष्ट्रगीत'? ज्या आयर्लंडमध्ये १८३८ साली कॉर्क शहरातल्या फादर थिओबाल्ड मॅथ्यूंनी दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि काही वर्षांत लाखोंनी ती घेतली, त्या देशाला हा मथळा? आणि 'वाइल्ड रोव्हर'चं मूळ तर सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या छापील पत्रकांपर्यंत मागे जातं. मथळा लिहिणाऱ्याने एकदा तरी गाणं पुरतं ऐकायचं होतं.

जाऊ दे. त्यापेक्षा आज रात्री 'अन बॉनान बुई' ऐका. अठराव्या शतकातल्या कहल बुई मॅक गिल्ला गुना या कवीचं, आयरिश भाषेतलं. तळं गोठलंय आणि काठावर बगळ्याच्या कुळातला एक पिवळसर पक्षी पाण्यावाचून मरून पडलाय. कवी त्याला म्हणतो, मला कळवलं असतंस तर बर्फ फोडून दिला असता. बायको म्हणते, दारू सोड, नाहीतर मरशील. तो म्हणतो, हा बघ, हा तर न पिण्यानेच मेला. हसू येतं, आणि लगेच घशाशी काहीतरी अडकतं, कारण स्वतःला काय होणार आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. याचं इंग्रजी भाषांतर आयरिश कवी थॉमस मॅकडोना यांनी केलं; इंग्रजांविरुद्धच्या १९१६च्या उठावानंतर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

शॉन-नोस ढंगात, म्हणजे साथीशिवाय गायलेलं मिळालं तर तेच घ्या. ठेका शोधू नका, तो बांधलेला नसतो. गायक शब्दाच्या वजनाप्रमाणे थांबतो, स्वर वळवतो. या ढंगात जवळ बसलेला श्रोता कधी कधी गायकाचा हात धरून हळूहळू गोल फिरवत राहतो. आणि पुष्कळदा शेवटचे शब्द गायचे नसतात, साध्या आवाजात बोलायचे असतात. तिथे रेकॉर्डिंग तुटलं असं वाटून पुढचं गाणं लावू नका.