दोन चौकटींमधली जागा

कॉमिक्सवर बेतलेला नवा चित्रपट आला की सगळी चर्चा तो मुळाशी किती इमान राखतो या एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते. पोशाखाचा रंग बदलला का, अमुक प्रसंग गाळला का, याचा काटेकोर हिशेब मांडला जातो. पुस्तकातली चौकट आणि पडद्यावरचे दृश्य शेजारी शेजारी ठेवून दोन्ही हुबेहूब जुळत असल्याचे कोणी दाखवले की आपण खूश होतो. मीही अनेक वर्षे असाच खूश होत आलो, पण आता मला वाटते की आपण भलतीच गोष्ट मोजत आहोत.

कॉमिक्समधली निम्मी गोष्ट चित्रांत नसतेच, ती दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडते. (इंग्रजीत या पट्टीला 'गटर' म्हणतात, मराठीत तो शब्द घ्यायला माझा हात धजत नाही.) स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिक्सच्या कलेवर कॉमिक्सच्याच रूपात जे पुस्तक लिहिले, त्यात याचे नेमके उदाहरण आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस दिसतो आणि पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उठलेली किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो कधी, कुठे आणि किती जोराने बसला हे वाचक मनातल्या मनात ठरवतो, म्हणजे खुनात त्याचाही हात असतो. चित्रपटात ही पट्टी उरत नाही. तिथे हालचाल अखंड असते आणि एखादे दृश्य किती वेळ पाहायचे हे दिग्दर्शक ठरवतो.

'वॉचमेन' या कॉमिक्सचे पडद्यावर जे झाले ते मला यामुळेच समजू शकते. अ‍ॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेली ही मालिका १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आली. तिची पाने प्रामुख्याने नऊ समान चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत, त्यामुळे एखादी चौकट मोठी झाली की ती जाणवतेच. पाचव्या अंकात तर पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्या पानाशी, अशी आरशातल्यासारखी जुळत जाते आणि मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू एकत्र येतात. हे ध्यानात यायला अंक पुन्हा मागे चाळावा लागतो, आणि चित्रपटगृहात मागे चाळण्याची सोय नसते. झॅक स्नायडर यांनी २००९ च्या चित्रपटात कितीतरी चौकटी भक्तिभावाने पडद्यावर उतरवल्या, पण त्या चौकटींना ज्या रचनेमुळे अर्थ होता ती मागेच राहिली. मूर यांनी तर श्रेयनामावलीत स्वतःचे नाव येऊ दिले नाही. त्यांचा हट्ट अनेकांना आडमुठेपणा वाटतो. मला तो रास्त वाटतो.

पानाचे बाह्य रूप उचलल्यानेही काम भागत नाही. अँग ली यांनी २००३ च्या 'हल्क'मध्ये पडद्याचेच चौकटींसारखे तुकडे केले. प्रयोग धाडसी होता, पण सगळे तुकडे एकदम हलू लागले की नजर कुठे ठेवावी हेच कळेनासे होते.

याउलट २०१८ चा 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' पाहताना कॉमिक वाचल्याचा आनंद मिळतो. छपाईतले रंगाचे ठिपके त्यात आहेत, पण ती वरवरची गोष्ट झाली. खरी करामत गतीत आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. मात्र स्पायडर-मॅन व्हायला शिकणाऱ्या नवख्या माइल्सची देहमुद्रा अनेकदा सेकंदाला १२ वेळाच बदलते, तर जंगलातल्या प्रसंगात त्याच्यासोबत झेपावणारा पीटर, म्हणजे मुरलेला स्पायडर-मॅन, पूर्ण २४ चित्रांत सफाईने हलतो. एक मुलगा अजून अडखळतो आहे हे संवादाविना कळते. इथे चित्रकारांनी दोन चित्रांमधली गाळलेली जागा सिनेमाच्या भाषेत नव्याने शोधली आहे, आणि मी इमान म्हणतो ते याला.

मूळ निर्माताच दिग्दर्शक झाला की इमानाचा प्रश्न आणखी गमतीशीर होतो. कात्सुहिरो ओतोमो यांची 'अकिरा' ही मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स मालिका, १९८२ साली सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक पानांची झाली. तिच्यावरचा चित्रपट ओतोमोंनी स्वतः १९८८ मध्ये केला, तेव्हा मांगा पूर्णही झालेली नव्हती. सुमारे दोन तासांत बसवण्यासाठी त्यांनी पात्रे छाटली, अख्खी कथानके बाजूला ठेवली आणि शेवट वेगळा केला. दुसऱ्या कोणी हेच केले असते तर वाचकांनी त्याला फाडून खाल्ले असते. चित्रपटानंतर ते पुन्हा रेखाटायला बसले आणि १९९० साली मांगा निराळ्याच वाटेने संपवली. या दोन शेवटांपैकी मूळ कोणता मानायचा, हे मला आजही ठरवता येत नाही.