अंगठा लागत नाही

नोव्हेंबर उजाडला की सरकारला माझी आठवण येते. एरवी वर्षभर मुकाट्याने पेन्शन जमा करणारं सरकार या महिन्यात एकदम दचकून विचारतं, "आहात ना?" आपण "आहे की" म्हणून भागत नाही. हयातीचा दाखला लागतो. मी 31 मे 2015 ला रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालो. म्हणजे जिवंत असल्याचं सिद्ध करण्याची ही माझी अकरावी खेप. इतक्या अनुभवानंतर माणसाला ते सहज जमायला हवं. यंदा नेमकं तिथेच अडलं.

1 तारखेला, शनिवारी, बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने ते छोटं यंत्र पुढे सरकवलं. "काका, अंगठा."

लावला. यंत्राच्या पोटात लाल दिवा लागला, विझला. "पुन्हा." पुन्हा लावला. "पुसून लावा." पॅन्टला पुसून लावला. "दुसऱ्या हाताचा बघू." मग तर्जनी, मधलं बोट, करत करत करंगळीपर्यंत आलो. दहाही बोटांनी मला ओळखायला नकार दिला.

"काका, बोट जरा डोक्याला चोळा. तेलाने येतं कधीकधी."

माझ्या डोक्यावर तेल नाही आणि तेल लावावं असं तिथे काही उरलेलंही नाही. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी उदारपणे स्वतःचं डोकं पुढे केलं. त्यांनी सकाळीच खोबरेल चोपडलं होतं. मी "माफ करा हं" म्हणून त्यांच्या टाळूवर अंगठा फिरवला आणि यंत्रावर टेकवला. दोघांत मिळून एकही जिवंत माणूस निघाला नाही.

"मग वाफ मारा काका. असं, हाऽऽ."

मी काचेवर हाऽऽ केलं. काच धुरकटली. मुलगी स्क्रीनकडून काचेकडे बघेपर्यंत ती पुन्हा स्वच्छ झाली होती. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय की माणसाचं आयुष्य म्हणजे थोडा वेळ दिसून नाहीशी होणारी वाफ. कितीतरी वर्षं हे वचन मी संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेतलं. प्रात्यक्षिक मात्र पहिल्यांदाच झालं, आणि तेही मागे बाराजण ताटकळत असताना.

"काका, तुमच्या रेषाच गेल्यात," मुलगी म्हणाली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. एखाद्याचं सामान स्टेशनवर राहिलं असेल तर त्याला हळूच सांगावं तसं तिने सांगितलं. वय झालं की कातडी कोरडी पडते, रेषा सपाट होतात, पुष्कळांचं असंच होतं म्हणे. माझ्या तर नोकरीभर पावत्या उलटण्यात आणि वॅगनच्या सिला चाचपण्यात झिजल्या असणार. "घरी मोबाईलवर चेहऱ्याने होतं. नातवाला सांगा," ती म्हणाली आणि पुढच्या खोबरेल डोक्याकडे वळली. त्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला.

घरी येताना मला कुलपिता याकोब आठवला. (हा पत्रवाला नव्हे, हा त्याच्या कितीतरी आधीचा.) म्हातारपणी तो मिसरात फारोपुढे, म्हणजे तिथल्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा फारोने पहिला प्रश्न विचारला, "तुमचं वय किती?" सरकारी माणूस कुठल्याही काळातला असो, विचारणार तेच. याकोबाने एकशे तीस सांगितलं आणि वर गाऱ्हाणंही घातलं की दिवस थोडेच मिळाले आणि तेही कष्टाचे. पण फारोने त्याचा अंगठा मागितला नाही. मथुशलह तर 969 वर्षं जगला. तो साठाव्या वर्षी निवृत्त झाला असता तर 909 नोव्हेंबर! त्याच्या अंगठ्याचं काय झालं असतं ते देवच जाणे.

हे सगळं यंदाच लागायचं कारण म्हणजे मी सत्तरीत आलो. नव्वदाव्या स्तोत्रात माणसाची मुदत स्पष्ट दिली आहे. सत्तर वर्षं, अंगात जोर असेल तर ऐंशी. हे स्तोत्र मोशेच्या नावावर आहे. तो स्वतः एकशेवीस जगला आणि शेवटपर्यंत त्याची नजर मंदावली नव्हती. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय. दुसऱ्यांना मुदत घालून देणारे स्वतः नेहमीच सवलतीत असतात, हा रेल्वेतला अनुभव. ऐंशीचा आकडा मात्र सरकारलाही पटलेला दिसतो. ऐंशी पूर्ण झाली की केंद्राच्या पेन्शनरला मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात आणि शंभरीला तर मूळ पेन्शनच दुप्पट. एवढा आशावाद स्तोत्रकर्त्यालाही झेपला नव्हता.

आता सत्तरी नेमकी कधीची, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. सरकारी कागदावर माझा जन्म 1 जून 1955 चा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जूनला सहा पुरी करून टाकली. माझ्या वर्गात निम्मी पोरं 1 जूनला जन्मली होती. त्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या सुइणींची काय धांदल उडाली असेल! खरी तारीख 19 नोव्हेंबर. मास्तरांच्या त्या फटकाऱ्याने मला सहा महिन्यांचा पगार कमी मिळाला. पण जिवंत राहिलो तर ऐंशीची ती वीस टक्क्यांची वाढ पाच महिने आधी मिळणार. मास्तर केव्हाच प्रभूच्या घरी गेले, त्यामुळे मी त्यांच्यावरचा राग 2035 पर्यंत स्थगित ठेवला आहे.

खऱ्या तारखेचा पुरावा म्हणजे आजोबांचं बायबल. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक. लहानपणी त्यांनी नगरला टिळकांना भजन म्हणताना ऐकलं होतं आणि हे ते जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाला सांगत. (रेव्हरंड टिळक, लोकमान्य नव्हेत. हा खुलासा आमच्या घराण्याने तीन पिढ्या केला आहे.) बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांनी पट्टीने रेघा मारून रकाने पाडले: नाव, जन्म, बाप्तिस्मा, लग्न, आणि शेवटचा, 'प्रभूत निजले'. पहिल्या ओळीत पणजोबा, जन्म 'मोठ्या दुष्काळाआधी'. खाली आजोबा स्वतः, 'प्लेगचे साल'. तेव्हा तारखा नव्हत्या, संकटं होती. आमच्या पिढीत सगळ्यात शेवटी मी, 19 नोव्हेंबर 1955, निळ्या-काळ्या शाईत. माझ्याखाली आजोबांनी एक ओळ मोकळी सोडली, आईबापांच्या भरवशावर. माझ्यानंतर कुणी आलं नाही. पुढे माझ्या मुलांची नावं वडिलांनी समोरच्या पानावर लिहिली, तेही पान भरलं. या वहीत आता काय ती माझ्याखालची ओळ रिकामी, आणि माझ्याच ओळीतला शेवटचा रकाना.

"सरकार वर्षातनं एकदा तेवढाच रकाना तपासतं," बायको म्हणते.

बायको वसईची, कॅथलिक. त्यामुळे 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरस्तानात जायचंच, हे लग्नातच ठरलेलं. आमच्याकडचे जुने लोक यावर नाक मुरडायचे. आता तेही तिथेच आहेत आणि मेणबत्त्या मुकाट्याने घेतात. यंदा 2 तारीख रविवारीच आली. पुण्याहून मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू आले होते. मुलाने आजोबांच्या दगडावर बाटलीतलं पाणी ओतून चिंधीने घासलं, तरी अक्षरं धड लागेनात. नातवाने बोट फिरवून 'मा', 'स्त' एवढं वाचलं. रेषा तिथल्याही गेल्यात.

तिथेच मी विषय काढला, माझ्यामागे बायबल कोण नेणार? मुलगा म्हणाला, "पप्पा, स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवतो ना." त्याचा फ्लॅट लहान आहे, हेही खरंच. मी गंभीरपणे म्हटलं की टिळकांचं ख्रिस्तायन हे काव्य अर्धवट राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, मागच्यांनी असं करायचं असतं.

"तुमचं काय अर्धवट आहे ते सांगून ठेवा," बायको फुलं मांडता मांडता म्हणाली. "माळ्यावरचा पंखा तुम्ही 2019 ला उघडलाय."

संध्याकाळी नातवाने माझा मोबाईल ताब्यात घेतला. ॲप उतरवलं, आधार नंबर घातला आणि मला खिडकीसमोर बसवलं. "आजोबा, गोलात चेहरा आणा. चष्मा काढा. आता डोळे मिचकवा." मिचकवले. "हळू." हळू मिचकवले. "एवढं हळू नाही, ते झोपलात असं समजतंय." चष्म्याशिवाय मला गोल दिसेना, गोलाशिवाय चेहरा कुठे न्यायचा ते कळेना. चौथ्या वेळी फोनने सगळ्यांसमोर लिहून दाखवलं की चेहरा आढळला नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी पंचेचाळीस वर्षं बघतेय, मला विचारा म्हणावं." मला हसू फुटलं, डोळे आपोआप मिटले, उघडले, आणि हिरवी खूण आली. दाखला निघाला.

"म्हणजे आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला काही होणार नाही?" नातवाने विचारलं. त्याची आजी म्हणाली, "नाही. पंखा होईल."

मग बक्षीस म्हणून त्याने बायबलच्या पानात स्वतःचं नाव लिहायचं ठरवलं. त्याला ती मोकळी ओळ दुपारीच दिसली होती. मी बॉलपेन दिलं आणि आजोबांच्या रकान्यांचा अर्थ समजावायला लागलो, तोवर त्याने सुरुवात केलीसुद्धा. स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, जीभ दाताखाली धरून, चौरेघी वहीत काढतात तसं टपोरं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न ओलांडत तो थेट पानाच्या कडेपर्यंत गेला. आडनावातली शेवटची वेलांटी वरच्या ओळीत घुसली आणि माझ्या रिकाम्या रकान्यात पूर्ण गोल फिरून बसली.

"अरे, तिथे जागा ठेवायची होती!"

"कशाला?"

मी बायकोकडे बघितलं. तिने चष्मा वर सरकवून ती वेलांटी नीट पाहिली.

"समासात लिहू," ती म्हणाली. "घाई काय आहे."