सायकल दुरुस्तीचा क्लास आणि आमची खारी हवा

"दुकान काढताय की काय?" सायकल दुरुस्तीच्या क्लासला जातोय म्हटल्यावर आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांनी हेच विचारलं. उरलेल्यांचा सल्ला होता, "त्यापेक्षा नवीन घ्या की एखादी." तिथे वाद घालत बसलो नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझ्यासारख्या हौशी सायकलवाल्याने दुरुस्ती शिकावी, आणि कोकणात राहत असेल तर कोकणातच शिकावी, असं माझं ठाम मत झालंय. यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत, चांगलेही आहेत. पण त्यातल्या बहुतेक सायकली मुळातच स्वच्छ असतात. आमच्या दापोलीत एका शाळेच्या पडवीत क्लास भरायचा आणि समोर यायच्या त्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या, जांभ्याच्या लाल धुळीत माखलेल्या. शिकवणारे काका जन्मभर सायकलीच दुरुस्त करत आलेले. बोलणं कमी, हात जास्त.

पहिल्याच दिवशी त्यांनी शाळेतली साधी 12 इंची पट्टी काढली. नव्या चेनमध्ये 12 इंचांत बरोबर 24 कड्या बसतात. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरायचा आणि चोविसाव्या कडीची पिन कुठे येते ते बघायचं. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे सरकली असेल तर चेन बदला. एक सूत सरकली असेल तर चेनने मागचे दातेही खाल्लेले असतात, म्हणजे खर्च वाढला. एवढ्या पट्टीभर ज्ञानावर मी आता कुठल्याही दुकानात "सगळा सेटच बदला" ऐकून मान डोलावत नाही.

चेनला खोबरेल घालणारे आमच्याकडे घरोघरी आहेत. काकांना ते मान्य नाही. एक तर ते दापोलीच्या थंडीत थिजतं, आणि एरवी धूळ धरून ठेवतं. खोबरेल डोक्याला लावा, चेनला चेनचं तेल घाला, ते प्रत्येक कडीवर एकेक थेंब, आणि वरचं फडक्याने पुसून टाका. तेल आत पिनशी पोचायला हवं, बाहेर दिसायला नको.

मिठाचं प्रकरण वेगळंच. ओहोटीला मुरूड-कर्द्याची पुळण कडक होते आणि फोटोसाठी सगळे सायकली तिथे घालतात. घाला बापडे. पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि नळीचा जोरदार फवारा हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, धरू नका, आतलं ग्रीस निघून जातं. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) असेल तर तो अधूनमधून काढून ग्रीस लावून परत बसवा. दोन वेगळे धातू आणि खारी ओल एकत्र आली की तो आतल्या आत असा धरतो, की मग सीट वर-खाली होणं विसरा.

मला सगळ्यात गोडी लागली ती रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्याची. सायकल उलटी करायची, चाक हळू फिरवायचं, आणि रिम ब्रेकच्या रबराला नेमकी कुठे घासते ते बघायचं. उजवीकडे घासत असेल तर तिथला डाव्या बाजूचा स्पोक आवळायचा, उजवा किंचित सैल करायचा. पाव आटा, जास्त नाही. परत फिरवायचं, परत बघायचं. स्पोक बोटाने छेडला तर सैल असलेला भद्द वाजतो, कान लगेच ओळखायला लागतो. घाई करणाऱ्याचं चाक तासाभराने आधीपेक्षा जास्त वाकडं झालेलं असतं. आमच्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांनी हे सिद्ध करून दाखवलं.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सागरी मार्गावर प्रत्येक खाडीला उतार आणि लगेच चढ. रिमब्रेकच्या रबरात वाळू आणि रिमचेच चकाकणारे कण रुतून बसतात आणि रिम कापत राहतात. ते टाचणीने उकरून काढायचे, दोन मिनिटांचं काम. आणि दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून धोपाव्याला उतरल्यावर पंक्चर झालं, तर दुकान शोधण्यापेक्षा आपली ट्यूब आणि टायर काढायचे आपले लिव्हर बरे.

पैसे वाचतात म्हणून शिका, असं मी सांगणार नाही. चेन तोडायचं हत्यार, एलन कीचा संच, हबचे कोन फिरवायचे पातळ पाने घेता घेता वाचलेले पैसे कधीच खर्च होतात. "मिस्त्रीच्या पोटावर पाय देताय" हेही खरं नाही. मी आता त्यांच्याकडे उलट जास्त जातो, आणि "काहीतरी आवाज येतोय" न म्हणता "बीबीत खेळ आहे", म्हणजे पेडलच्या मधल्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग सैल झालंय, असं सांगतो.

खटकतं ते दुसरंच. वर्गात आम्ही सगळे रविवारवाले होतो. सायकल बिघडली तर आमचं काय अडतं? फार तर नाश्ता उशिरा. रोज सायकलवर अवलंबून असतात त्या शाळेत जाणाऱ्या मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, चांगलीच योजना आहे. पण सायकलीबरोबर पाना कोण देतं? उतरलेली चेन कशी चढवायची, ब्रेकची तार कशी ओढायची, डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे एका दुपारी शिकवून होतं. तेवढं न आल्यामुळे सायकल पावसाळाभर पडवीत गंजते आणि पोरगी पुन्हा एसटीची वाट बघते.

काकांना विचारलंय, ते तयार आहेत. मुलींना आधी शिकवायचं, आम्ही हाताखाली. दापोली परिसरातल्या एखाद्या शाळेची शनिवारची दुपार मिळाली तर हवीय. घरात जुन्या ट्यूब, फाटके टायर, वाकड्या रिम पडल्या असतील तर भंगारात घालू नका, सरावाला लागतील. मला मेसेज करा, येऊन घेऊन जाईन. सायकलवरून आणता येईल एवढंच एका वेळी.