बटाट्याची सुट्टी आणि उसाचा पट्टा

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीच्या तीन दिवस आधी निघालो असतो तर गावाकडं जायचं तिकीट बरंच स्वस्त पडत होतं. मुलगी तेव्हा तिसरीत. शाळेत अर्ज दिला. तिच्या बाई एरवी फार गोड बोलतात, पण अर्जावर नकार आला आणि खाली एक ओळ होती: परवानगीशिवाय नेलंत तर दंड होऊ शकतो. महागाचं तिकीट काढलं. जर्मनीत शाळेची सक्ती म्हणजे खरोखरची सक्ती. आमच्या शेजारच्या बायर्न राज्यात तर सुट्टी लागायच्या आधीच लेकरं घेऊन विमानतळावर आलेल्या आईबापांना पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या २०१८ मध्ये गाजल्या होत्या.

त्या तीन दिवसांवरून मी चिडलो होतो. मग विमानात बसल्यावर माझा एक वर्गमित्र आठवला. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, आमच्या जिल्हा परिषद शाळेत तो माझ्या शेजारी बसायचा, पण जून ते दिवाळी एवढंच. दिवाळी झाली की त्याच्या आईबापांचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघायचा, आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गुढीपाडव्याच्या आसपास तो परत यायचा. तेव्हा वरच्या वर्गातल्या पोरांची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायची पद्धत होती. त्याच्या पुस्तकांना फार मागणी असायची. पहिली निम्मी पानं कोपरे दुमडलेली, शाई सांडलेली, आणि पुढची निम्मी कोरी करकरीत. मीही एकदा धाकट्या भावासाठी नंबर लावून त्याचं गणिताचं पुस्तक मिळवलं होतं. आपण काय विकत घेतोय हे तेव्हा कळलं नाही.

आता इथून घरच्या बातम्या वाचतो तेव्हा शाळेवरची भांडणं सगळी पुस्तकात काय असावं याचीच दिसतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, रान पेटलं, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम हवा की नको, यावर वाद झाला. पाचवी-आठवीला नापास करायचं की नाही, यावरही झाला. सगळे प्रश्न खरे आहेत. पण हे वाद असं धरून चालतात की लेकरू वर्गात बसलंय. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या पट्ट्यातल्या कितीतरी वर्गांत ते डिसेंबरमध्ये बसलेलंच नसतं. ते उसाच्या फडावर, तोडणीच्या रानात असतं. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत असतं किंवा वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत असतं. बेळगावकडं गेलेल्या टोळीतल्या पोराला तर कानडी शाळेचं दार दिसतं. तिसरी भाषा म्हणा हवं तर!

हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. मोजायची तारीख मात्र मजेशीर आहे. शिक्षकांची पदं ठरतात ती संचमान्यतेनं, आणि संचमान्यतेला धरतात ३० सप्टेंबरचा पट. त्या दिवशी सगळी लेकरं गावात असतात. पट भरलेला, हजेरी भरलेली, गुरुजींची जागा शाबूत. महिनाभरात निम्मा वर्ग रिकामा होतो आणि कागदावर काहीच हलत नाही. गुरुजींना मी दोष देत नाही. खरं लिहिलं तर जागा जाणार, आणि जी लेकरं मागं उरतात त्यांचाही मास्तर जाणार.

जर्मनीचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. इथं बहुतेक राज्यांत दहाव्या वर्षी, चौथीनंतर, मुलांची वाटणी होते. कोण पुढं विद्यापीठाच्या वाटेला, कोण कारागिरीच्या, हे तेव्हाच बरंचसं ठरून जातं. स्थलांतरितांची मुलं दुसऱ्या वाटेवर जास्त दिसतात. आपल्याकडं निदान दहावीपर्यंत तरी आशा धरायची सोय आहे.

पण शेजारच्या ऐंशीला टेकलेल्या आजीबाईंनी एकदा कुंपणावरून एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात बसली. ऑक्टोबरातल्या शाळेच्या सुट्टीला पूर्वी बटाट्याची सुट्टी म्हणायचे. घरोघरची पोरं बटाटे वेचायला शेतात लागायची, म्हणून शाळाच बंद. म्हणजे आज तीन दिवस न सोडणाऱ्या या लोकांनी सक्ती करताना आधी शेताचं वेळापत्रक बघितलं होतं. आपण सुट्ट्या ठेवल्या मे महिन्यात, नेमक्या ही लेकरं गावात असतात तेव्हा.

याला नवा कायदा लागत नाही. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कामं दिलीत. स्थलांतरित मुलांना प्रवेश देणं हे एक, आणि शैक्षणिक वेळापत्रक ठरवणं हे दुसरं. म्हणजे गावागावाचं वर्ष वेगळं धरायला वाव आहे. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आठवड्याचे सहा दिवस धरले तर दीडशेच्या आसपास दिवस मिळतात. पहिली ते पाचवीला कायद्यानं २०० लागतात. म्हणजे पन्नासएक कमी पडतात, सणवार वजा केले तर आणखी. शिवाय बीडचा मे महिना, पत्र्याची खोली, टँकरचं पाणी. सकाळी सात ते साडेदहा भरवावी लागेल. उरलेले दिवस कारखान्याजवळच्या शाळेनं द्यायचे, आणि दाखला, हजेरी, कुठवर शिकवलं याची नोंद लेकराबरोबर जायला हवी. जमेल का? आधारवरून रेशन कुठंही मिळतं, मग हे का जमू नये?

गावात मागं ठेवलेल्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती आजीच्या जिवावर चालतात. जेवण सरकारचं, रात्र आजीची. जिला आजी नाही, ती पोरगी फडावर जाते, नाहीतर जरा मोठी दिसायला लागली की तिचं लग्न लावून टाकतात.

तो वर्गमित्र अजून कोयताच धरतो. यंदा पोळ्याला फोन केला होता. त्याची धाकटी सहावीत आहे, गणितात बरी आहे म्हणाला. आई मागच्या वर्षी वारली त्याची. थोडं थांबून विचारलं, "तूच सांग गड्या, दिवाळीनंतर हिला ठिवू कुणापाशी?"

मी त्याला म्हणालो, विचार करून सांगतो. अजून फोन केलेला नाही.