खुलासा: तो सहा अंकी कोड कुणालाही पाठवू नका

"अपडेटनंतर व्हॉट्सअ‍ॅप उघडत नसेल तर आलेला सहा अंकी कोड ग्रुप अ‍ॅडमिनला पाठवा, नाहीतर खातं कायमचं बंद होईल," असा मेसेज सांगलीत मार्केट यार्डापासून विश्रामबागेपर्यंतच्या ग्रुपवर फिरतोय. हा मेसेज साफ खोटा आहे. तो कोड म्हणजे तुमच्या खात्याची किल्ली. दुसऱ्याने तो आपल्या फोनमध्ये टाकला की खातं त्याच्या हातात, मग तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागायला तो मोकळा.

लॉगिन अडतं ते बहुतेक वेळा साध्या कारणाने. काल शेजारच्या काकू रडवेल्या होऊन आल्या. बघतो तर फोनवर तारीख 2019 ची! सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू केलं, अ‍ॅप लगेच उघडलं. अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्या. मेसेजमधून आलेली एपीके फाइल (फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडूच नका.

कोड देऊन बसला असाल तर आपल्या नंबरने लगेच पुन्हा नोंदणी करा, समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने तुमच्या खात्याला स्वतःचा पिन (टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा वेगळा गुप्त आकडा) लावून ठेवला असेल तर 7 दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही बाहेरच राहतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.