पिल्लाचं पोट आणि नवं पाकीट: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इतरांनाही संदर्भ लागेल, तेव्हा तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. तुमची लॅब्राडोरची पिल्ली अकरा आठवड्यांची, ८ किलोची. तीन आठवडे तिचं पोट चाललंय. जंताचं औषध देऊन झालंय. ‘नाजूक पोटाच्या पिल्लाला कोणतं खाणं’ हा माझा लेख तुम्ही वाचलात, पण त्यात एकाही खाण्याचं नाव नाही. शी तपासा, डॉक्टरांना विचारा, दहा दिवस घेऊन हळूहळू बदला एवढंच आहे, म्हणून तुम्ही चिडलात. मग तुम्ही धान्यविरहित खाणं आणलंत. दोन दिवस शी घट्ट झाली, पाचव्या दिवशी पुन्हा पातळ, वर आव. आता सॅल्मनचं आणायचं की घरी चिकन-भात शिजवायचा, असा तुमचा प्रश्न आहे. ‘घरच्या अन्नाशी तुमचं काय वाकडं आहे?’ असंही तुम्ही विचारलंय.

आधी चूक मान्य करते. खाणं दहा दिवसांत बदला, हे मी सरसकट सगळ्यांना लिहिलं, ते बरोबर नव्हतं. धडधाकट पोटाच्या पिल्लासाठी सात ते दहा दिवसांचा बदल ठीक आहे: आधी पाव वाटा नवं, मग अर्धं, मग पाऊण. पण डॉक्टरांनी पोटासाठीचं खास पथ्याचं खाणं दिलं असेल, तर ते तीन-चार दिवसांत, कधी एकदम सुरू करायलाही सांगतात. जे खाऊन पोट बिघडतंय असं वाटतंय तेच पुढचे दहा दिवस मिसळत राहण्यात अर्थ नसतो. लेखात ही दुरुस्ती करते आहे.

नाव का दिलं नाही, तेही सांगते. माझी चिंगी घरी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. पाच आठवड्यांत मी तिची चार पाकिटं बदलली. प्रत्येक नव्या पाकिटानंतर दोन-तीन दिवस बरे जायचे आणि मला वाटायचं, सापडलं एकदाचं. मग पहाटे चारला ती दाराशी कुईकुई करायची, बाहेर नेलं की पाठ कमानीसारखी वाकवून कुंथायची आणि शेवटी शेंबडासारखा चमचाभर पदार्थ टाकायची. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक दिवसाआड अशा तीन शींचे नमुने मागितले. पहिल्या दोन्हींत काही नाही. तिसऱ्यात जिआर्डिया, म्हणजे आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी. औषध झालं, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात निघालं, तिला आंघोळी घातल्या, आणि ज्या पहिल्या खाण्याला मी दोष देत होते तेच खाऊन ती वाढली. त्या पाच आठवड्यांत तिचं वजन जेमतेम वाढलं होतं. ते भरून काढायची धडपड मला अजून आठवते, म्हणून तुमच्या ओळी वाचताना जीव थोडा खालीवर झाला.

तुमच्या पिल्लीला जिआर्डियाच आहे, असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण दोन दिवस बरं, मग पुन्हा पातळ, आव, कुंथणं हे चित्र त्याच्याशी जुळतं. हा परजीवी शीतून रोज पडत नाही, मधून मधून पडतो. म्हणून एका नमुन्यात ‘काही नाही’ आलं तरी निश्चिंत होता येत नाही. काही दिवसांच्या अंतराने तीन नमुने द्यावे लागतात किंवा त्याची वेगळी अँटिजेन चाचणी (शीत त्या परजीवीची प्रथिनं शोधणारी) करून घ्यावी लागते. आणि जंताचं औषध देऊन झालंय, हे उत्तर इथे पुरत नाही. पिल्लांना नेहमी देतात ते पायरँटेल गोल जंत आणि हुकवर्म (आतड्याला चिकटून रक्त शोषणारे जंत) यांच्यावर चालतं. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हा दुसरा सूक्ष्म परजीवी त्याने मरत नाहीत. शिवाय गोल जंत आईच्या पोटातच पिल्लाला लागतात आणि हुकवर्म दुधातून येतात, म्हणून जंताचं औषधही एकदा देऊन संपत नाही. दोन आठवड्यांची असल्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर महिन्याला, असं ते चालतं. तुम्ही शेवटचं कधी दिलंत आणि कोणतं, ते पाकिटावर बघून लिहून ठेवा.

शी कशी आहे यावरूनही पुष्कळ कळतं. थोडी थोडी, वारंवार, कुंथून, आव किंवा ताज्या लाल रक्ताच्या रेषेसकट होत असेल, तर त्रास बहुधा मोठ्या आतड्यात असतो. दिवसातून दोन-तीनदाच पण भरपूर होत असेल, पिल्लू खातंय तरी अंगाला लागत नसेल, तर नजर लहान आतड्याकडे जाते. डॉक्टरांना ‘पोट बिघडलंय’ म्हणण्यापेक्षा हे सांगितलंत तर त्यांचं अर्धं काम होतं. मोबाइलवर फोटो काढून न्या, संकोच करू नका.

आता धान्यविरहित खाण्याबद्दल. दोन दिवस फरक पडला हे तुमचं निरीक्षण खरं आहे, त्यावर मला शंका नाही. पण त्या दोन दिवसांत आणखी काय बदललं? नवं खाणं म्हणून तुम्ही हात राखून घातलं का? पिल्लीने नव्या वासामुळे निम्मं सोडलं का? पोटात कमी गेलं की शी घट्ट होते आणि श्रेय पाकिटाला जातं. खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांचा एक आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्वचेची लक्षणं असलेली २९७ कुत्री होती. सर्वांत जास्त, ३४ टक्के कुत्र्यांना, बीफ बाधलं. मग दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के. म्हणजे धान्य काढून टाकलं तरी बाधणारे मुख्य पदार्थ वाडग्यात राहू शकतात. तुमच्या पाकिटाच्या घटकांत चिकन आहेच, ते तुम्हीच लिहिलंय. शिवाय वाटाणा, मसूर, बटाटा यांचा भर असलेल्या अशा खाण्यांचा हृदयाचे स्नायू ताणले जाण्याच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण काही कारण नसताना वाढत्या लॅब्राडोरला मी ते घालणार नाही.

सॅल्मनचं पाकीट मात्र आज आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. समजा उद्या तपासण्या स्वच्छ आल्या आणि डॉक्टरांना खरंच वाटलं की खाण्यातलं प्रथिन बाधतंय. मग ते पिल्लीने आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन काही आठवडे घालून बघतात. पोटाचा त्रास खाण्यामुळे असेल तर बहुतेकांना दोन आठवड्यांत उतार दिसतो. खाजेसारख्या तक्रारींना आठ आठवडे लागतात. त्या काळात दुसरं काही म्हणजे काहीच नाही: बिस्किट नाही, चघळायची कांडी नाही, चवदार गोळीसुद्धा नाही. मग जुनं खाणं पुन्हा घालून बघायचं. त्रास परत आला तरच निदान पक्कं. आत्ता निदानाआधीच सॅल्मन, पुढच्या आठवड्यात बदक, मग मेंढी असं करत गेलात, तर त्या चाचणीसाठी न खाल्लेलं प्रथिन हाताशी उरणार नाही. मग हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं औषधी खाणं, एवढाच रस्ता राहतो. आणि दुकानातल्या ‘एकच प्रथिन’ लिहिलेल्या पाकिटांच्या तपासण्यांत न छापलेली दुसरी प्रथिनं वारंवार सापडली आहेत, म्हणून ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या खाण्यावरच करतात.

लेखात मी एक गोष्ट अगदी ओझरती लिहिली होती, ती म्हणजे किती घालायचं. पोट बिघडण्याचं ते फार साधं आणि फार दुर्लक्षित कारण आहे. हिशेब कोणालाही जमतो. वजनाचा घन करा: ८ गुणिले ८ गुणिले ८, ५१२. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा: ४.७६. त्याला ७० ने गुणा: ३३३, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणाऱ्या कॅलरी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी त्याच्या तिप्पट, म्हणजे दिवसाला साधारण १,००० कॅलरी. पाकिटावर १०० ग्रॅमला ४०० कॅलरी असतील तर दिवसाचे २५० ग्रॅम, चार वेळांत वाटून. हा सुरुवातीचा अंदाज आहे, पिल्लाच्या अंगाकडे बघून कमीजास्त करायचा. वाटीने मोजू नका. मी एकदा त्याच वाटीने तीनदा ‘भरून’ घेतलेलं खाणं काट्यावर ठेवलं, तर ८२, ९१ आणि ९७ ग्रॅम भरलं. चार वेळांचा फरक जमेला धरा, नाजूक पोटाला तो पुरेसा आहे. आणि शिकवताना दिवसभर हातातून दिलेले तुकडे त्याच २५० ग्रॅममधून काढून ठेवा.

चरबीचंही तसंच. लहान आतडं बिघडलेलं असताना चरबी पचायला जड जाते, आणि पाकिटावरचा आकडा फसवतो. डब्यातल्या ओल्या खाण्यावर ‘चरबी ५ टक्के’ आणि कोरड्यावर ‘१४ टक्के’ वाचून ओलं हलकं वाटतं. पण ओल्यात ७८ टक्के पाणी असेल तर कोरडा भाग २२, आणि ५ भागिले २२ म्हणजे जवळपास २३ टक्के. कोरड्या खाण्यात पाणी १० टक्के धरलं तर चरबी साडेपंधरा. जड कोणतं, ते तुम्हीच बघा.

मग तपासण्या झाल्यावर पाकीट निवडायचं कसं? वाढत्या पिल्लांसाठी, आणि तुमच्या बाबतीत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी परिपूर्ण, असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. लहान पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवता येत नाही, ते शरीरात जातं आणि हाडांची वाढ बिघडवतं. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाण्यात कोरड्या भागाच्या १.२ ते १.८ टक्के एवढंच कॅल्शियम असावं, असं अमेरिकेतल्या पशुखाद्य नियामकांच्या संघटनेचं मानक आहे. वरून कॅल्शियमची पावडर घालू नका. यानंतर चरबी मध्यम, घटकांची यादी आटोपशीर. ब्रँड याच्या खूप नंतर येतो.

घरच्या अन्नाशी माझं काही वाकडं नाही. पोट शांत करायला दोन-तीन दिवस बिनकातडीचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात मीही घालते. पण तुम्ही म्हणता तसं कायमचं घालणं अकरा आठवड्यांच्या लॅब्राडोरला परवडणार नाही. मांसात कॅल्शियम नावापुरतं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला हाडांतून ते ओढून घेतं, आणि पिल्लाची हाडं साध्या उडीने मोडतात. २०१३ साली २०० घरगुती पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि त्या तर वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांसाठीच्या होत्या. घरचंच घालायचं मनात असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून ग्रॅमच्या हिशेबाने पाककृती करून घ्या, ती मापाने पाळा. तसं करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे.

एक गोष्ट वाचून मात्र सगळं बाजूला ठेवा. उलट्या सुरू झाल्या, शीत रक्त वाढलं, ती मलूल झाली, पाणीसुद्धा नको म्हणाली, हिरड्या बोटाला चिकट लागल्या, तर खाण्याचा विचार नको, थेट दवाखाना गाठा. लस चालू आहे म्हणून पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होणार नाही, असं नसतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं सुरुवातीच्या डोसांना निष्फळ करू शकतात, म्हणून तर शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर देतात. तुमची पिल्ली त्या मधल्या काळात आहे.

डॉक्टर ‘घाबरवतात’ असं तुम्ही लिहिलंत. तीन आठवड्यांच्या जुलाबाला अजून कोणी तीन नमुने मागितले नसतील, तर तुम्हीच मागा. तुमचा तो हक्क आहे. आणि सौम्य जुलाबाला लगेच अँटिबायोटिक दिलं तर का देताय, हेही विचारा. आतड्यातले उपयोगी जिवाणू त्यात मरतात आणि सावरायला वेळ लागतो.

तर आत्ता पाकीट बदलू नका. जे घालताय तेच काट्यावर मोजून घाला. उद्या सकाळचा पहिला नमुना स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात पोचवा, दुसरा त्यानंतर दोन दिवसांनी, तिसरा आणखी दोन दिवसांनी. शी झाल्या झाल्या उचला आणि तिचं मागचं अंग धुऊन कोरडं करा, म्हणजे चाटून पुन्हा पोटात जाणार नाही. दर रविवारी त्याच काट्यावर वजन लिहा. तिन्ही निकाल आणि पाकिटावरच्या घटकांचा फोटो इथे टाका, मग चरबीचा आणि कॅल्शियमचा हिशेब मी तुमच्याबरोबर बसून करते.